सतरा नंबरची फिल्म

४ मार्च, मंगळवार

प्रयोगशाळेची वही वेगळी आहे. तिच्यात तारीख, फिल्मचा नंबर आणि गुण एवढंच लिहायचं असतं, आणि ती कुणीही उघडून वाचू शकतं. ही वही माझी एकटीची. हिच्यात मी माणसांबद्दल लिहिणार आहे, आणि चांगलं लिहीन अशी खात्री नाही.

सुरुवात साहेबांपासून. आज केबिनमध्ये बोलावलं आणि मोबाइलवर बोट फिरवत म्हणाले, "बाई, महिनाअखेर निकाल हवा. आणि स्वच्छ हवा. एक जरी निरोगी माणूस तुमच्या चाचणीने आजारी ठरवला, तर तुमच्या तीन खोल्या मी रक्तविभागाला देऊन टाकतो. ते केव्हाचे मागताहेत." रक्त घ्यायला तीन खोल्या कशाला लागतात, हे काही मी विचारलं नाही. बावीस वर्षं मी या चाचणीवर घालवली. साहेबांनी बावीस मिनिटं तरी ती समजून घ्यायला घालवली असतील का, शंका आहे.

कंपवाताचं निदान होतं तेव्हा हात थरथरायला लागलेला असतो, आणि तोवर मेंदूचं व्हायचं ते नुकसान बरंचसं होऊन गेलेलं असतं. माझी चाचणी त्याच्या कितीतरी आधी, नुसत्या चालण्यावरून रोग ओळखते. दहा मीटरची रबरी पट्टी, तिच्यावरून अनवाणी जायचं, वळायचं, परत यायचं. चालताना शंभरातून सात-सात वजा करत आकडे मोठ्याने म्हणायचे. डोकं वजाबाकीत अडकलं की चालण्यावरचं लक्ष उडतं आणि अंगात लपलेलं बाहेर येतं. संगणक त्या फिल्ममधून माणूस पुसतो, आवाज काढून टाकतो आणि काड्यांचा एक सांगाडा तेवढा ठेवतो. असे साठ सांगाडे. तीस आजार नुकताच सुरू झालेल्यांचे, तीस निरोगी लोकांचे. कोण कुठला याची यादी कारकूनबाईंच्या कपाटात बंद लिफाफ्यात आहे. दोन परीक्षक एकमेकींना न विचारता शून्य ते चार गुण देतात. दोन किंवा जास्त म्हणजे आजार.

एक परीक्षक मी. दुसरी फूटपट्टी.

फूटपट्टी म्हणजे माझी सहायक. वय एकोणतीस, सदा इस्त्रीचा सदरा, आणि बोलणं असं की जणू प्रत्येक शब्द आधी मोजून घेतलाय. मीच तिला हाताला धरून शिकवलं. गेल्या वर्षी परिषदेत माझ्याऐवजी बोलायला उभी राहिली, टाळ्या पडल्या, आणि तेव्हापासून बाईंना शिंगं फुटली आहेत. माझ्या खुर्चीवर डोळा आहे तिचा. असू दे. अजून तीन वर्षं मी तिथून हलत नाही.

५ मार्च, बुधवार

एक गोष्ट इथेच लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही. सतरा नंबरची फिल्म माझी आहे.

निरोगी गटात एक शिंपी यायचा होता. तो आलाच नाही. चित्रीकरणाचा शेवटचा दिवस, संध्याकाळचे सहा, यादीत एक जागा रिकामी. मी चपला काढल्या, कारकूनबाईंना कॅमेऱ्याचं बटण दाबायला सांगितलं आणि चालून आले. कारकूनबाई तोंड उघडणार नाहीत, त्यांच्या तीन रजा माझ्या मेहेरबानीवर आहेत. प्रमुखाने स्वतः चाचणीत उतरू नये असा नियम आहे खरा. पण सत्तावन्न वर्षांची धडधाकट बाई हवी होती आणि ती समोर उभी होती. एका फिल्मने काय आभाळ कोसळतंय?

७ मार्च, शुक्रवार

कोसळलं.

आज दोघींचे गुण शेजारी शेजारी ठेवले. एकोणसाठ फिल्मवर आमचं एकमत. सतरावर मी शून्य दिला होता आणि फूटपट्टीने दोन. पुढे शेरा: "उजवा हात हलत नाही. वळायला सात पावलं. आजार."

मी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "डोळे तपासलेस का कधी?"

"गेल्याच महिन्यात, मॅडम. चष्म्याचा नंबर नाही."

उद्धटपणा नाही म्हणता येत याला, आणि तोच तर उद्धटपणा आहे. मला दिवसभर धड काम सुचलं नाही.

९ मार्च, रविवार

घरीही शांतता नाही. हे आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासायचे, आता निवृत्त झालेत तर माझ्या चुका काढतात. आज म्हणाले, "अगं, दूध करपलंय, सगळ्या घरात वास सुटलाय, आणि तू ओट्याशीच उभी आहेस!" मला कसलाही वास आला नव्हता. ह्यांचं नाक म्हाताऱ्या कुत्र्यासारखं आहे, नको तिथे खुपसलेलं. मग सकाळी सकाळी पोटरीवरचा हिरवा-निळा डाग दाखवला. झोपेत मी लाथ मारली म्हणे. "स्वप्नात कुणाशी भांडत होतीस?" कुणाशी ते मला चांगलं माहीत आहे.

ताईचा दर रविवारचा फोन. तिचं नेहमीचं, "तुझा आवाजच येत नाहीये. विहिरीतून बोलल्यासारखी काय बोलतेस?" मी म्हटलं, तुझा फोन बदल. ती म्हणाली परवाच बदललाय. मग कान बदल.

१० मार्च, सोमवार

सापळा लावलाय.

सतरा नंबरची फिल्म घेतली, संगणकावर उजवी-डावी उलटवली, म्हणजे आरशात दिसावी तशी, आणि एकसष्ट नंबर देऊन फूटपट्टीच्या यादीत घुसवली. सोबत आणखी चार जुन्या फिल्म टाकल्या, संशय नको. "यांचेही गुण दे, राहून गेले होते," म्हणाले. आता तीच फिल्म वेगळी समजून शून्य दिला की मी तिचे दोन्ही कागद साहेबांच्या टेबलावर ठेवणार. एकाच चालीला दोन वेगळे गुण देणारी परीक्षक कुणाला हवी? हे वागणं सरळ नाही हे मला कळतं. पण मी सरळ वागून कुणाचं भलं झालंय?

१२ मार्च, बुधवार

तिने एकसष्टला दोन दिले. शेरा: "डावा हात हलत नाही. वळायला सात पावलं. सतरा नंबरचा आरसा वाटतो. एकच व्यक्ती आहे का?"

कागद फाडून टाकला. मग लक्षात आलं की फाडायचा नसतो. पुन्हा जोडून चिकटवला.

१४ मार्च, शुक्रवार

ह्यांनी सामानाची यादी भिंग घेऊन वाचली. "मुंग्या चालल्यासारखी अक्षरं काढतेस हल्ली. वर बरी असतात, खाली खाली बारीक होत जातात." मी म्हटलं, कागद लहान होता. ते म्हणाले, कागद नेहमीचाच आहे. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार खाल्ला की अशी सवय लागते.

आज जिना उतरताना उजवा हात मुद्दाम हलवून पाहिला. हलतो. अर्थातच हलतो.

१७ मार्च, सोमवार

नियम असा की दोन परीक्षकांत दोन गुणांचं अंतर पडलं तर दोघींनी एकत्र बसून फिल्म पाहायची आणि एकमत होईपर्यंत उठायचं नाही. मीच केलेला नियम, आता माझ्याच डोक्यावर मिरे वाटतोय.

दुपारी आम्ही बसलो. पडद्यावर तो सांगाडा चालत होता. फूटपट्टी पेन्सिलने दाखवत होती, "हे बघा मॅडम, डावा हात पुढे-मागे छान झुलतोय. उजवा अंगाला चिकटलेला. आणि हे वळण. निरोगी माणूस दोन-तीन पावलांत वळतो. इथे मोजा. एक, दोन, तीन..."

"मोजता येतं मला. पट्टीच्या टोकाशी त्या दिवशी ओल होती. फरशी पुसून झाल्यावर पाणी तसंच राहिलं होतं. पाय सरकत होता म्हणून लहान पावलं टाकली."

ती थांबली. "तुम्हाला कसं माहीत, मॅडम? पाय सरकत होता हे?"

"मी या प्रयोगशाळेची प्रमुख आहे. मला इथलं सगळं माहीत असतं."

तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हाताकडे. माझा हात टेबलावर होता, मुकाट्याने पडलेला. कितीतरी वेळ तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. बिनतोड उत्तर मिळालं की माणसाचं असंच होतं. मग म्हणाली, "मॅडम, आज राहू द्या. मला जरा विचार करू द्या."

मी म्हटलं, "कर की. मेंदू असेल तर."

तिचे डोळे भरून आले होते. हरणं पचवता यायला हवं माणसाला.

२० मार्च, गुरुवार

फूटपट्टी एकाएकी गोड वागायला लागली आहे. जिन्यात माझी पिशवी घेते. चहाचा कप अर्धाच भरून देते, सांडू नये म्हणून म्हणे. काल माझ्या सदऱ्याचं मनगटावरचं बटण मला लागेना, तर न विचारता लावून दिलं. मी हात झटकला. गोड बोलून गळा कापणारी जात मी ओळखून आहे.

२४ मार्च, सोमवार

आता सगळं लक्षात आलं.

ह्यांच्या फोनवर फूटपट्टीचा नंबर दिसला. अकरा मिनिटांचं बोलणं. मी विचारलं, "तुमचं आणि तिचं काय काम?"

"तुझ्या तब्येतीची चौकशी करत होती."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"जे दिसतं ते."

"काय दिसतं?"

ते पाणी आणायला उठले. तीस वर्षं संसार केला, यांनी मूग गिळले की समजावं कुणीतरी कान भरलेत. म्हणजे डाव असा: मी आजारी आहे असं घरात पसरवायचं, मग साहेबांच्या कानावर घालायचं, मग "बाईंना आराम द्या" आणि ही माझ्या खुर्चीत. हे भोळे, कुणीही गोड बोललं की बळी पडतात. संध्याकाळी म्हणतात, चल फिरायला. आणि रस्त्याने माझ्या उजव्या बाजूने चालले, कोपराला धरून. मी म्हटलं, मी काय आंधळी आहे? हात सोडला त्यांनी, पण बाजू सोडली नाही.

इतका राग आला की घरी येऊन ताट आपटलं. नंतर वाईट वाटलं. ते उचलायला वाकले तेव्हा त्यांचे गुडघे कसे कडकड वाजले.

२८ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

अकरा वाजता फूटपट्टी आली, दार लोटलं, आणि माझ्यासमोर गुणांचा कागद ठेवला. सतरा नंबरसमोरचा दोन खोडला होता. तिथे शून्य, आणि शेजारी तिची सही.

"मी पुन्हा पाहिलं, मॅडम. माझी चूक होती. पट्टी ओली असेल तर लहान पावलं पडतात. आता एकमत झालं. लिफाफा उघडायला हरकत नाही."

तीन आठवडे मी याच कागदाची वाट पाहत होते. हा कागद म्हणजे स्वच्छ निकाल, खोल्या माझ्या, ती तोंडावर पडलेली. मला आनंद व्हायला हवा होता.

"आणि हाताचं काय?" मी विचारलं.

"काय मॅडम?"

"उजवा हात. पाय ओलीमुळे अडखळला, मान्य. हात कशाने अडकला? हवा ओली होती?"

ती खाली बघत राहिली.

"खाली काय बघतेस? मी काय शिकवलं तुला? दिसतं ते लिहायचं. समोर आई असो, बाप असो, दिसतं ते लिहायचं. तुला काय दिसलं?"

"शून्य."

"खोटं बोलतेस."

"हो," ती म्हणाली. मग ओठ घट्ट मिटून रडायला लागली, आवाज न करता.

मी तिच्यावर ओरडणार होते. तोंडही उघडलं होतं. ही पोरगी सात वर्षांत एकदाही, एका आकड्यानेही खोटं बोललेली नाही. मला धडा शिकवायचा असता तर तिने दोनाचे चार केले असते. तिने शून्य केला. कुणासाठी केला?

मी माझ्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर होता. डाव्या हाताने मी मघापासून पेन फिरवत होते आणि उजवा जिथे ठेवला होता तिथेच होता. मुद्दाम हलवला की हलतोच, हे मीच वर्गात सांगते. न सांगता हलतो का, ते बघायचं असतं.

करपलेलं दूध. यादीतली अक्षरं. ताईचा फोन. ह्यांची पोटरी. एकेक लक्षण मी फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेते, आणि घरात एकेकावर भांडत बसले. ही वही मागे उलटून पाहिली. चार तारखेची अक्षरं मोठी आहेत. आजची बघवत नाहीत.

फूटपट्टीला म्हटलं, "कागद घेऊन जा. शून्य खोड. दोन लिही. खाडाखोडीवर तारीख घाल आणि सही कर."

"मॅडम, खोल्या..."

"सही कर."

मी माझाही कागद काढला आणि सतरासमोर दोन लिहिले. एकमत झालं. मग मला तिथे बसवेना, चपला घालून मागच्या जिन्याने खाली गेले आणि गाड्या लावतात तिथे उभी राहिले. खूप भीती वाटली. इतकी कशाचीच वाटली नव्हती.

३१ मार्च, सोमवार

लिफाफा उघडला. तीस आजारी, तिसांनाही आम्ही आजारी म्हटलं होतं. तीस निरोगी, त्यातले एकोणतीस निरोगी. आणि सतरा.

साहेब म्हणाले, "म्हणजे एक चुकलंच ना."

"चुकलं नाही. सतरा नंबर म्हणजे मी. नियम मोडून चालले, ती फिल्म निकालातून काढावी लागेल आणि कारण लिहावं लागेल. माझ्याविरुद्ध जी कारवाई असेल ती करा. पण चाचणी चुकलेली नाही."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा मोबाइल उलटा ठेवला. म्हणाले, चौकशी तर होणारच, खोल्यांचं पुढच्या बैठकीत बघू. आणि मग, "बाई, घरी कुणी आहे ना?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला कामाबाहेरचं विचारलं आणि मला त्यांचा आणखीच राग आला.

घरी ह्यांना सांगितलं. यांना आधीच माहीत होतं, फूटपट्टीच्याही आधी. "मग बोलला का नाहीत?" तर म्हणतात, "तुला कुणी चूक दाखवलेली चालते का?" मी भांडले. मग भांडता भांडता रडले. ते शेजारी बसून राहिले, उजव्या बाजूला.

२ एप्रिल, बुधवार

निरोगी म्हणून आलेल्या कुणात लक्षणं दिसली, तर त्याला समोर बसवून, त्याच्या नजरेला नजर देऊन सांगायचं आणि मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवायचं, असा आमचा शिरस्ता आहे. फोनवर नाही, पत्राने नाही. आजवर हे काम मी केलं. पुढे ते फूटपट्टीला करावं लागणार, आणि तिला येत नाही.

म्हणून तिला बोलावलं. "बस. मी सतरा नंबर. सांग मला."

"मॅडम, प्लीज."

"मॅडम नाही. मी एक बाई आहे, चालून गेले, आता निकाल ऐकायला आले. सांग."

पहिल्यांदा ती अर्ध्यातच रडली. मी म्हटलं, तुझं रडणं मी सांभाळू की माझा आजार? पुन्हा. दुसऱ्यांदा ती इतकी भरभर बोलली की कुठलाही माणूस ऐकूनच घाबरला असता. मी म्हटलं, आगगाडी पकडायची आहे का? पुन्हा.

तिसऱ्यांदा तिने खुर्ची जवळ ओढली. माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या चालण्यात आम्हाला काही गोष्टी दिसल्या आहेत. कंपवाताची ही सुरुवात असू शकते. नक्की काय ते डॉक्टर तपासून सांगतील. मी त्यांना आजच फोन करते. तुमच्यासोबत कुणाला यायला जमेल?"

एकही शब्द चुकला नव्हता. घाई नव्हती, खोटा धीर नव्हता. मी तिला चांगलं झालं म्हणून सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी विचारलं, "मला अजून किती वर्षं काम करता येईल?"

हे मी तिला शिकवायला विचारलं नव्हतं. तिलाही ते कळलं.

"ते आत्ता कुणालाच सांगता येणार नाही," ती म्हणाली.

उत्तर बरोबर आहे. मीच तिला लिहून दिलेलं आहे. बावीस वर्षं मी हे वाक्य लोकांना ऐकवत आले, आणि ते ऐकल्यावर लोक लगेच उठून का जात नाहीत, खुर्चीला चिकटून का बसतात, याचा मला वैताग यायचा. बाहेर पुढचा माणूस थांबलेला असायचा.

आज मी बसून राहिले. फूटपट्टीने उठून दार आतून लावलं, आणि परत येऊन माझ्यासमोर बसली.